पावण्याची काख

आमच्या केंद्राच्या फोनवर रोज एक तरी गरुड येतो. म्हणजे फोन करणाऱ्याच्या लेखी गरुड. जाळं घेऊन पळत जावं तर तिथं घार बसलेली असती. एकदा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतनं फोन आलता, "साहेब, शेडच्या पत्र्यावर गरुड अडकलाय, सगळी पोरं काम टाकून बाहेर उभारल्यात." शिडी लावून वर चढलो तर काळी प्लॅस्टिकची पिशवी. एका खिळ्याला अडकलेली, वाऱ्यानं दोन्ही पंख झकास हलवत होती. खाली पन्नास माणसं माना वर करून उभी. मी काय करावं? पिशवी अलगद फडक्यात गुंडाळली, छातीशी धरली आणि खाली उतरलो. "जखमी हाय, गर्दी करू नका," म्हणलं आणि गाडी सुरू केली. त्यांची बी अब्रू राहिली, माझी बी राहिली.

माझं काम सांगतो. कोल्हापुरात एक पशुपक्षी बचाव केंद्र हाय, तिथं मी सात वर्सं सहायक हाय. सहायक म्हणजे फोन उचलायचा, पेटी उचलायची, पिंजरा धुवायचा आणि डॉक्टर मॅडम जखम शिवत असताना घुबडाचे पाय धरायचे. घुबडाच्या नख्या कशा असत्यात ते बघायचं असंल तर माझं मनगट बघा. शिक्षण म्हणाल तर गावचं हायस्कूल, नंतर बीए. त्यात पक्ष्यांचा संबंध एवढाच, की ते खिडकीच्या बाहेर आणि मी आत.

नोकरी लागली ती तोंडाच्या जोरावर. मी नकला करतो. शाळेत सगळ्या मास्तरांच्या केल्या. हेडमास्तरांची करताना वर्ग एकदम गप झाला, तवा कळलं की ते मागं उभारल्यात. त्यांनी आधी दोन ठेवून दिल्या. मग जरा थांबून विचारलं, "मी खरंच असा नाकातनं बोलतो व्हय रं?" तवापासनं मला एक गोष्ट कळली, माणसाला स्वतःचा आवाज ठावं नसतो. माझा मला ठावं हाय असं मात्र मी समजत होतो. त्याची गोष्ट पुढं येती.

तर फोनवर पक्षी ओळखायची माझी एक पद्धत हाय. समोरच्याला वर्णन जमत न्हाय. "काळा हाय" एवढंच सांगत्यात. मग मीच एकेक आवाज काढून दाखवतो. "असा वरडतोय काय? का असा?" पलीकडनं "हां, हां, ह्योच" आलं की पक्षी सापडला. गव्हाणी घुबडाची पिल्लं साप फुसकारल्यागत आवाज काढत्यात. तो काढला की निम्म्या कोल्हापूरच्या माळ्यावरची भुतं मी फोनवरच उतरवल्यात. आवाज जुळला की मी म्हणणार, "हं हं हं. कळलं. शंभर टक्के गव्हाणी घुबड." हे 'शंभर टक्के' मला लई आवडायचं. केंद्रातली सगळी मला त्याच नावानं हाक मारत होती आणि मला वाटायचं कौतुक चाललंय.

वारणानगरच्या कॉलनीतल्या एका वहिनींनी मला अर्धा तास घाम फोडलाता. रोज सकाळी एक पक्षी वरडतोय आणि तो कोण ते कळाय पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. मी भारद्वाज केला, तांबट केला, धनेश केला, माझ्याकडं हाय तेवढा माल सगळा काढला. "न्हाय ओ दादा, त्यो असा टुंई टुंई करतोय, आणि शेजारचं भाऊजी ड्युटीला निघालं की गप हुतोय." शेजारच्यांनी नवी गाडी घेतलती. रिव्हर्सचा हॉर्न. तो बी मी काढून दाखवला, आणि वहिनी एवढ्या खूष झाल्या की विचारू नका. "ह्योच! काय नाव ह्येचं?"

आता मुद्द्यावर येतो. आषाढातली गोष्ट. दोन दिवस वारं असं सुटलतं की केंद्राच्या पिंजऱ्यांवरची ताडपत्री तिसऱ्या गल्लीत सापडली. सकाळी आठला फोन वाजला.

"पाखरांचं हाय काय हे?"

"व्हय, बोला."

"आमच्या गोठ्यात पावणं आल्यात."

बोलणारी बाई हातकणंगल्याच्या पुढं नदीकाठच्या एका गावातली. चार म्हशी, एक सून, आणि आवाज असा की फोन कानापासनं वीतभर लांब धरावा. गाव तिला आक्का म्हणतंय. पहाटे धार काढाय गेली तर गव्हाणीत म्हशीच्या वैरणीवर एक मोठं पाखरू बसलेलं. भिजून चिंब. हलंना, उडंना.

"असा वरडतोय काय बघा," मी म्हणलं आणि सुरू झालो. घार केली, गिधाड केलं, करकोच्यागत चोच वाजवली.

"ओ पावणं, ते गप हाय. तुमीच एकटं वरडालाय."

"बरं, दिसाय कसं हाय?"

"काळं हाय. चोच लांब, म्होरं आकड्यागत वळल्याली. डोस्कं तांबूस-पांढरं. शेपूट कात्रीगत."

आता बघा, बाईनं एखाद्या पुस्तकात छापावं असं वर्णन सांगितलं. आणि माझ्या डोक्यात काय, तर काळा, आकड्याची चोच, भिजलेला, नदीकाठ. पाणकावळा! पाणकावळा भिजतो, मग पंख पसरून वाळवत बसतो, सगळ्यांनी बघितलाय. तांबूस डोकं? शेण लागलं असंल. कात्रीगत शेपूट? भिजल्यावर पिसं चिकटत्यात. मला नको असलेलं सगळं मी पुसून टाकलं.

"हं हं हं. कळलं. शंभर टक्के पाणकावळा. दोन तास वाळू द्या, मग नदीत न्हिऊन सोडा. पवत जाईल."

"पवतंय व्हय हे?"

"शंभर टक्के."

फोन ठेवला, चहा घेतला. साडेदहाला आक्काच्या सुनेनं, सारिकावहिनीनं, आक्काच्याच मोबाईलवरनं फोटो धाडला. खाली लिहिलतं, 'पावणं आता निघणार'. फोटो बघितला आणि दुसऱ्या चहाचा कप हातातच राहिला. पाखरानं पंख उघडलेते. मागं म्हैस उभी होती, आणि पंख म्हशीच्या शिंगापासनं शेपटापातूर पोचलेते. असला पाणकावळा असता तर तो माणसांना नदीत सोडून आला असता.

फोटो सरांना धाडला. सर म्हणजे प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. जिल्ह्यात कुणाला वेगळा पक्षी दिसला की नोंद त्यांच्याकडं जाती, ते तपासत्यात आणि खरी का खोटी सांगत्यात. एरवी चार दिवसांनी उत्तर देणारा माणूस, अर्ध्या मिनिटात फोन.

"कुठं आहे हा?"

"हातकणंगल्याकडं, सर. गोठ्यात."

"अरे, हा फ्रिगेट बर्ड आहे! समुद्रातला. वादळानं घाट ओलांडून आणलाय. आपल्याकडं नोंद नाही याची. आता कुठं आहे, पेटीत?"

"नदीत सोडाय निघाल्यात, सर."

 मग सर सावकाश म्हणाले, "हा समुद्रावर जगतो, पण पाण्यावर बसत नाही. याच्या पिसांना पाणी लागलं की ती भिजून जड होतात. पाण्यात टाकला की बुडणार. कुठल्या गाढवानं सांगितलं नदीत सोडायला?"

गाढव गाडीची किल्ली शोधत होतं.

वाटेत आक्काला सतरा फोन केले. फोन गोठ्यातच राहिलाता, ते नंतर कळलं. म्हशींनी ऐकला असंल. गाडी मी कशी हाणली ते लिहीत न्हाय, आई हा अंक वाचती. डोक्यात एकच चित्र होतं, ते पाखरू पाण्यात पडलंय, बुडालंय, आणि मरताना माझाच आवाज ऐकालंय, शंभर टक्के.

गावात पोचलो तर गोठा रिकामा. सगळी वरात नदीकडं. नदी फुगलेली, पाणी पायऱ्या खाऊन वर आलेलं. काठाला तीसेक माणसं, आणि मधी आक्काच्या शेजारचं तात्या वेताची बुट्टी डोक्यावर घेऊन पाण्याच्या दिशेनं चाललेलं. बुट्टीतनं ती आकड्याची चोच बाहेर आलेली. मी वरनं ओरडलो, "थांबा! सोडू नका!" वारं माझ्याच तोंडावर. कुणाला ऐकू जाणार? तात्यांनी बुट्टी खाली ठेवली, धोतर खोचलं, पाखराला दोन्ही हातांनी उचलाय वाकलं.

तवा मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी नक्कल केली. वाऱ्यात शब्द विरत्यात पण चिरका सूर पोचतो, म्हणून छाती भरून श्वास घेतला आणि पोलिसांच्या गाडीचा सायरन काढला.

पुराच्या पाण्याजवळ जाऊ नका म्हणून गावात आदल्या दिवशीच दवंडी झालती. सायरन ऐकला आणि तीस माणसं तीस दिशांनी उसात घुसली. तात्यांनी बुट्टी उचलली आणि अशी धूम ठोकली की म्हातारा माणूस चढ चढून बरोबर माझ्या गाडीवर येऊन आदळला. मी आधी बुट्टी धरली, मग तात्यांना. एकटी आक्का काठावर तशीच कमरेवर हात ठेवून उभी.

"पोलीस कुठं हाईत?" तिनं विचारलं.

खरं सांगायची ती वेळ होती. मी काय केलं? आवाज बदलला. जरा घोगरा, जरा साहेबी. "मी केंद्रातनं आलोय. सकाळी फोनवर नवीन माणूस हुता, त्यानं चुकीचं सांगितलं. त्याला समज दिली जाईल."

आक्कानं मला वरपासनं खालपातूर बघितलं. "आवाज बदललासा, पण अक्कल तीच दिसतीया."

मग तीच सांगाय लागली. मी दोन तास म्हणलतो, पण तिनं तीन लावले. का? पावणं उपाशी वाटंला लावायचं न्हाय. आधी दूध-भाकरी ठेवली, पाखरानं तोंड फिरवलं. मग भात. मग तात्याला बाजारात पिटाळून मासं आणलं. मासा बघून पावण्यानं मान वर केली, पण गिळाय ताकद न्हवती. "जेवाय घातलं न्हाय असं नको व्हायला, म्हणून बसलो वाट बघत," आक्का म्हणली. तेवढ्या एका तासात मी पोचलो. माझ्या सात वर्सांच्या अनुभवानं त्या पाखराला मारलंच होतं. आक्काच्या पाहुणचारानं ते वाचवलं.

केंद्रात आणून वजन केलं तर एक किलो बी भरंना. दोन्ही पंख मिळून सहा फूट आणि वजन कोंबडीचं. डॉक्टर मॅडमनी नळीनं पाणी-औषध दिलं. तिसऱ्या दिवशी पहिला मासा पोटात राहिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हळू, कारण तो दचकतो.

आता नोंदीचं सांगतो. दिसला म्हणून कळवलं, एवढ्यावर भागत न्हाय. फ्रिगेट बर्डच्या तीन जाती आपल्या समुद्रावर येऊ शकत्यात, आणि आमच्या पावण्यागत कवळी पिल्लं तिन्हींची सारखीच दिसत्यात. ओळखायची कुठनं, तर काखेतनं. पोटाचा पांढरा रंग काखेत शिरतोय का, शिरला तर किती, कसा वळतोय, यावर सगळं. म्हणजे जिल्ह्याच्या इतिहासात माझं नाव जायचं का न्हाय हे एका पाखराच्या काखेत लपलेलं. सरांनी बजावलतं, "फोटो लागेल, पण घाई नाही. त्याला हाताळू नकोस. प्रत्येक वेळी धरलास की त्याची ताकद जाते. सोडताना पंख उघडेल, तेव्हा काढ."

मला दम निघाला काय? चौथ्या दिवशी दुपारी मॅडम जेवाय गेल्यावर मी पिंजऱ्यात शिरलो. एका हातानं पंख उचलला, दुसऱ्या हातात मोबाईल. पाखरू घाबरलं, धडपडलं आणि पोटातला मासा बाहेर टाकला. मग मान टाकून कोपऱ्यात बसलं. फोटोत काय आलं? माझा अंगठा. काखेच्या ऐवजी अंगठा, त्यावर माशाचं पाणी.

दोन दिवस त्यानं काय खाल्लं न्हाय. पुन्हा नळी, पुन्हा पहिल्यापासनं. मी मॅडमना सांगितलं, कारण लपवाय आता नवीन आवाज उरला न्हवता. मॅडम वरडल्या ते परवडलं. सर आले, पिंजऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसले. मग एवढंच विचारलं, "तुला नाव कुणाचं पाहिजे होतं? त्याचं, का तुझं?"

नकला करून उत्तर देता येत न्हाय असा तो एकच प्रश्न मला आजपातूर पडलाय. रात्रीचं जेवण उतरलं न्हाय, तवा त्या पाखराला काय वाटलं असंल ते थोडं कळलं.

पंधराव्या दिवशी तो काठीवर उभा राहून पंख झाडाय लागला. परवानगीची कागदं झाली आणि आम्ही त्याला पेटीत घालून कोकणात निघालो, समुद्राकाठच्या एका कड्यावर. फ्रिगेट बर्डला जमिनीवरनं उडता येत न्हाय, उंची आणि वारं पाहिजे. आक्काला फक्त निरोप दिलाता. ती सारिकावहिनीला घेऊन सकाळी केंद्राच्या दारात हजर. डोक्यावर पदर, हातात डबा.

"आक्का, तुमी कशाला एवढ्या लांब?"

"पावणं आमचं हाय का तुमचं? वाटंला लावाय आम्ही नको?"

कड्यावर मॅडमनी पेटी उघडली. सरांनी माझ्या हातात त्यांचा मोठा कॅमेरा दिला, "आता काढ. व्हिडिओवर लावलाय, फक्त एकदा बटण दाब आणि त्याच्यावर धरून ठेव." पाखरू काठावर आलं. मान इकडं तिकडं केली. आक्का पुढं होऊन त्याच्याशी बोलाय लागली, "नीट जावा बरं का. परत आलासा तर वर्दी देऊन या, आधी मासं आणून ठिवतो."

आणि ते गेलं. पंख मारलेच न्हाईत. नुसते उघडले, आणि वाऱ्यानं खालनं उचलल्यागत वर घेतलं. आमच्या डोक्यावरनं एक गिरकी घेतली, मग पाण्यावर, मग लांब, मग ठिपका. गोठ्यात वैरणीवर बसलेलं ते ओलं गाठोडं आणि हे, एकच हाय असं सांगितलं तर मी स्वतः फोन ठेवून दिला असता.

सरांनी कॅमेरा मागितला. मी बटण दाबलतं. दोनदा. पहिल्यांदा सुरू झाला, दुसऱ्यांदा बंद. आणि मग पाखरू दिसंनासं झाल्यावर बंद कराय म्हणून तिसऱ्यांदा, तवा परत सुरू झाला. कॅमेऱ्यात चार मिनिटं माझी चप्पल होती. रेखीव आलती. चपलेची जात कुणीबी ओळखली असती.

सरांनी कॅमेरा बंद करून गळ्यात अडकवला. तवा सारिकावहिनी हळूच म्हणली, "मी आत्तींचा व्हिडिओ काढत हुतो. त्यात येतंय काय बघा."

तिनं सासूला धरलतं कॅमेऱ्यात. आक्का हात हलवत बोलतीया, आणि तिच्या डोक्यावरनं, पदराला लागंल एवढ्या जवळनं, ते पाखरू जातंय. पंख पूर्ण उघडे. काख अशी स्वच्छ, की पांढरा पट्टा छातीवरनं आत शिरलेला मोजून घ्यावा. सरांनी तो व्हिडिओ अकरा वेळा बघितला. मग चष्मा पुसत म्हणाले, "लेसर फ्रिगेट बर्ड, तिन्हींतली सगळ्यात लहान जात. पिल्लू. नक्की."

कोल्हापूरला परत आल्यावर नोंद लिवाय बसलो. कुठं दिसला, कुणी बघितला, कसा ओळखला. पहिलं बघणारी म्हणून आक्काचं नाव लिहिलं, संपूर्ण, सासर-माहेर विचारून. फोटो-व्हिडिओ म्हणून सारिकावहिनीचं. वर्णन आक्काचंच टाकलं, तिच्याच शब्दांत. डोकं तांबूस-पांढरं, चोच आकड्यागत, शेपूट कात्रीगत. सरांनी एक शब्द बदलला न्हाय. मग ते म्हणाले, "शेवटी एक ओळ राहिली. आधी काय चुकलं होतं, तेही लिहायचं असतं. नाहीतर पुढचा तीच चूक करतो."

ती ओळ लिवाय मला बाकीच्या नोंदीपेक्षा जास्त वेळ लागला. 'फोनवर प्रथम पाणकावळा अशी चुकीची ओळख सांगून नदीत सोडण्याचा सल्ला दिला गेला.' सरांनी वाचलं, पेन उचललं. "'दिला गेला' म्हणजे काय? आपोआप गेला?" मग मी खाली माझं नाव लिहिलं. जिल्ह्याच्या नोंदीत माझं नाव यावं अशी लई इच्छा होती, ती अशी पुरी झाली.

दसऱ्याच्या आधी आक्काच्या गावात दूध संस्थेच्या सभेत तिचा सत्कार झाला. मला बी बोलवलतं. मी मागच्या खुर्चीत बसलो, तात्यांच्या शेजारी. तात्या सायरन विसरले न्हवते, त्यांनी खुर्ची जरा लांब सरकवली. आक्काला शाल घातली, चार शब्द बोलाय सांगितलं. ती माईकसमोर उभी राहिली.  मग तिनं डावा हात कानाला लावला, फोन धरल्यागत. मान तिरकी केली. डोळे बारीक केले. आधी घार वरडली, मग एक गिधाड, मग चोच वाजवली. सगळी सभा हसून लोटपोट. मग एकदम गंभीर होऊन, नाकातनं, लई शहाण्या माणसागत म्हणली,

"हं हं हं. कळलं. शंभर टक्के पाणकावळा. नदीत न्हिऊन सोडा."

तिनं माझं नाव घेतलं न्हवतं. तरी सगळ्या माना मागं वळल्या, एकदम, माझ्याकडं.

मी बी टाळ्या वाजवल्या. तो नाकातला सूर, ती तिरकी मान, ते 'हं हं हं' म्हणताना समोरच्याचं न ऐकणं. हेडमास्तरांना तवा काय वाटलं असंल ते आता कळलं. माझा आवाज मी कधी ऐकलाच न्हवता.

लई हुबेहूब होतं. शंभर टक्के.